नऊ फूट आणि नऊ जवाचे दाणे

अँग्लो-सॅक्सन इंग्लंडच्या कायद्यांमध्ये एक अगदी छोटा मजकूर आहे. राजा ज्या गढीत मुक्कामाला असेल, तिच्या दरवाजापासून त्याची शांतता चारी दिशांना कुठवर पोचते, एवढंच त्यात सांगितलं आहे. तीन मैल, तीन फर्लांग, तीन एकरांची रुंदी, नऊ फूट, अंगठा ताठ ठेवलेल्या मुठीची नऊ मापं आणि नऊ जवाचे दाणे. या हद्दीत कुणी दंगा केला, तर तो राजाच्या संरक्षणाचा भंग. मैलांपासून निघून जवाच्या दाण्यापर्यंत उतरणारं हे माप प्रत्यक्षात कुणी दोरी लावून मोजलं असेल असं वाटत नाही. ते मोठ्यानं म्हणायचं, कानांनी लक्षात ठेवायचं माप आहे.

त्यातल्या 'नऊ फूट'पाशी थोडं थांबायला हवं. आजचा इंग्रज तिथे 'नाइन फीट' म्हणेल. जुन्या मजकुरात 'निगॉन फोटा' आहे. यातलं 'फोटा' हे षष्ठीचं अनेकवचन. नऊ म्हटलं की पुढे 'फुटांचे' म्हणायचं, अशीही त्या काळच्या इंग्रजीची एक रीत होती. संस्कृतात 'गवां शतम्' म्हणजे 'गायींचं शतक' म्हणतात, तोच हा बांधा. ही षष्ठी इंग्रजीतून जाऊन कित्येक शतकं लोटली, तरी तिची एक खूण आजही रोजच्या बोलण्यात आहे. सहा फूट उंचीच्या माणसाला इंग्रजीत 'सिक्स-फुट मॅन' म्हणतात. तो माणूस किती उंच आहे हे वेगळ्या वाक्यात सांगायचं झालं, तर मात्र 'सिक्स फीट टॉल'. पहिल्या ठिकाणी 'फीट' घातलं की चूक होते. शाळेत 'एक असेल तर फुट, अनेक असतील तर फीट' हे पाठ केलेल्या मुलाला हा निव्वळ अन्याय वाटतो. सहा म्हणजे अनेकच की! पण 'सिक्स-फुट'मधलं 'फुट' हे दिसायला एकवचन असलं, तरी वंशानं अनेकवचनच आहे. 'फोटा'मधला शेवटचा स्वर आधी मवाळ झाला, मग गळाला आणि मागे 'फुट' राहिलं.

मग 'फीट' कुठून आलं? त्यासाठी लिखित इंग्रजीच्याही मागे, साधारण सहाव्या शतकात जावं लागतं. अँगल्स, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या उत्तर समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये स्थिरावत होत्या तो काळ. त्यांच्या बोलीत पाऊल म्हणजे 'फोऽट' आणि पावलं म्हणजे 'फोऽटि'. शेवटच्या 'इ'साठी जीभ पुढे न्यावी लागते. बोलणाऱ्यांची जीभ ती तयारी आधीच्याच अक्षरात करू लागली, 'ओ' पुढे सरकत 'ए'कडे झुकला आणि 'फेऽटि' असा उच्चार रुळला. पुढे शेवटची 'इ' गेली, पण तिनं बदललेला 'ए' तसाच राहिला. 'टोऽथ'चं 'टेऽथ', 'गोऽस'चं 'गेऽस', 'मूऽस'चं 'म्यूऽस' अशीच झाली. षष्ठीच्या 'फोटा'त 'इ' कधी नव्हतीच, म्हणून तिथला 'ओ' जागचा हलला नाही. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले आणि आजचे 'फुट-फीट', 'टूथ-टीथ', 'गूस-गीस', 'माउस-माइस' तयार झाले. स्वराच्या या बदलाला 'उमलाउट' हे जर्मन नाव याकोब ग्रिमनं रूढ केलं. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी तो थोरला.

गंमत अशी की हा बदललेला स्वर मुळात अनेकवचनाची खूण नव्हताच. जुन्या इंग्रजीत एकाच पायाची चतुर्थीसुद्धा 'फेऽट' अशीच होई, कारण तिच्याही शेवटी एकेकाळी 'इ' होती. पुढे विभक्त्या गेल्या, चतुर्थी गेली, आणि लोकांच्या हाती उरलेल्या दोन रूपांची त्यांनी वाटणी केली: हे एकाचं, ते अनेकांचं.

मराठी वाचकाला या शब्दांकडे आणखी एका वाटेनं जाता येतं, आणि ती वाट इंग्रजांना स्वतःला फार उशिरा सापडली. कोलकात्यात १७८६ साली विल्यम जोन्सनं एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं म्हटलं, आणि जर्मानिक भाषांनाही त्याच कुळात बसवलं. इंग्रजीतली ही हट्टी अनेकवचनं त्या कुळाची फार जवळून ओळख पटवतात. फुट म्हणजे पाद, आपला पाय. टूथ म्हणजे दंत, आपला दात. गूस म्हणजे हंस. माउस म्हणजे मूषक. काउ म्हणजे गो. ऑक्स म्हणजे उक्षन्, बैल.

त्यातही बैलाची गोष्ट सर्वांत सुरेख आहे. 'ऑक्स'चं अनेकवचन 'ऑक्सन', आणि इंग्रजी व्याकरणात ते एकटंच उभं असतं. पण ज्यानं शाळेत 'राजा, राजानौ, राजानः' घोकलं आहे, त्याला हा 'न' परका नाही. राजन् शब्दाचा 'न' प्रथमेच्या एकवचनात लपतो आणि अनेकवचनात बाहेर येतो. तसंच उक्षा, उक्षाणः. तसंच ऑक्स, ऑक्सन. 'ऑक्सन'मधला 'न' हा नंतर चिकटवलेला प्रत्यय नव्हे, तो मूळ शब्दाच्याच अंगातला आहे. जुन्या इंग्रजीत अशा नकारान्त नामांचा मोठा वर्ग होता. डोळे, कान, नावं यांची अनेकवचनं 'अन' लावून होत. शेक्सपिअरच्या नाटकांत डोळ्यांसाठी 'आइन' येतं, ते या घराण्यातलं शेवटच्या काही जणांपैकी एक.

'चिल्ड्रेन'मध्ये तर दोन थर आहेत. जुन्या इंग्रजीत मूल म्हणजे 'चिल्ड' आणि मुलं म्हणजे 'चिल्ड्रु'. कोकरं, वासरं, अंडी या शब्दांनाही असाच 'र' लागे. हा 'र' आणखी मागे नेला की 'स' होतो, आणि तो संस्कृतातल्या मनस्-मनांसि या नामांच्या 'स'चा भाऊबंद निघतो. पुढे 'चिल्ड्रु'चं 'चिल्डर' झालं. उत्तर इंग्लंडच्या बोलींत ते नंतरही टिकून होतं. पण दक्षिणेतल्या लोकांना नुसत्या 'र'मध्ये अनेकवचन पुरेसं ऐकू येईना, म्हणून त्यांनी वरून आपला ओळखीचा 'अन' चढवला. आज इंग्रजी बोलणारा माणूस 'चिल्ड्रेन' म्हणतो तेव्हा तो मुलांचं अनेकवचन दोनदा करत असतो. गायींच्या 'काइन'चं आणि भावांच्या 'ब्रेद्रेन'चंही असंच झालं: स्वर आधीच बदललेला होता, त्यावर 'न' आला.

एवढी तऱ्हेतऱ्हेची अनेकवचनं असताना आजच्या इंग्रजीत जिकडेतिकडे 'स' कसा पसरला? 'स' परदेशी नव्हता. दगडाला 'स्तान' आणि दगडांना 'स्तानस' म्हणणारा पुल्लिंगी नामांचा मोठा वर्ग जुन्या इंग्रजीतच होता. तो पसरायला लागला उत्तरेकडून. नवव्या शतकात डेन लोकांनी उत्तर आणि पूर्व इंग्लंडचा मोठा भाग व्यापला. ८७८ साली एडिंग्टनच्या लढाईत राजा आल्फ्रेडनं त्यांना हरवलं, तरी ते परत गेले नाहीत, शेती करून राहिले. त्यांची नॉर्स भाषा आणि इंग्रजी यांच्या धातूंत, नामांत साम्य होतं, पण विभक्तीचे प्रत्यय निराळे होते. शेजाऱ्याशी बैलाचा सौदा करताना शब्द कळतो पण शेवट कळत नाही, अशी स्थिती असली की शेवट झिजतात. लिंडिसफार्नच्या लॅटिन शुभवर्तमानांच्या ओळींमध्ये दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूनं बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहून ठेवले. त्याच्या त्या उत्तरी इंग्रजीत प्रत्ययांची घडी विस्कटलेली आणि 'स' आपल्या वर्गाबाहेरच्या नामांनाही लागू लागलेला दिसतो. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीत दरबार आणि कचेऱ्या फ्रेंच-लॅटिनच्या हाती गेल्या, इंग्रजीला लेखी दरारा उरला नाही, आणि झीज आणखी वाढली. दक्षिणेत 'अन' बराच काळ 'स'शी झुंजला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या इंग्रजीत 'स'ची सरशी झाली होती.

ही झुंज ओसरत असतानाही कशी ऐकू येत असेल, त्याचा एक प्रसंग विल्यम कॅक्स्टननं लिहून ठेवला आहे. कॅक्स्टन केंट परगण्यातला, धंद्यानं कापडाचा व्यापारी, ब्रूजमध्ये बरीच वर्षं राहिलेला. १४७६ साली त्यानं वेस्टमिन्स्टरला इंग्लंडचा पहिला छापखाना घातला. १४९० साली 'एनेडोस' छापताना प्रस्तावनेत तो सांगतो की काही व्यापारी टेम्स नदीतून जहाजानं झीलंडला निघाले होते. वारा पडला म्हणून जहाज किनाऱ्याशी थांबलं आणि मंडळी खाणं-पिणं पाहायला खाली उतरली. त्यांतला शेफील्ड नावाचा कापडवाला एका घरी गेला आणि त्यानं खायला मागितलं, विशेषकरून 'एग्स'. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. शेफील्ड भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. त्याला अंडी हवी होती. शेवटी दुसऱ्या कुणी तरी 'आयरेन' हवीत असं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, आता कळलं.

'आयरेन' हे 'चिल्ड्रेन'चं सख्खं भावंड. तोच जुना 'र', त्यावर तोच दक्षिणी 'अन'. 'एग्स'मधला 'एग' डेन लोकांबरोबर आलेला नॉर्स शब्द आणि त्याच्या शेवटी उत्तरेकडून पसरलेला 'स'. एका घराच्या उंबऱ्यावर इंग्लंडची सहाशे वर्षं समोरासमोर उभी राहिली, आणि बाईंना ती फ्रेंच वाटली. कॅक्स्टनला यातली चिंता छापखानेवाल्याची होती. आता 'एग्स' छापायचं की 'आयरेन'? सगळ्यांना रुचेल असं लिहायचं कसं? हस्तलिखिताच्या काळात नक्कल करणारा आपापल्या गावचं रूप लिहून मोकळा होई. छापलेल्या शेकडो प्रतींना एकच रूप निवडावं लागतं. 'एग्स' जिंकलं, 'आयरेन' संपलं, आणि 'चिल्ड्रेन' त्या पंक्तीत एकटं उरलं.

उरणाऱ्यांत कोण आणि का, हा प्रश्न इथे येतोच. बायका, पुरुष, मुलं, दात, पाय, उंदीर, उवा, हंस, बैल, मेंढरं. यादी वाचली की एका शेतकऱ्याचं घर डोळ्यांपुढे येतं, आणि हे शब्द रोज तोंडात होते म्हणून त्यांची जुनी रूपं मुलांच्या कानांवर सतत पडत राहिली, हे पटतं. २००७ साली एरेझ लिबरमन, जाँ-बाप्तिस्त मिशेल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये इंग्रजी क्रियापदांबद्दल हेच आकड्यांनी दाखवलं. त्यांनी घेतलेल्या जुन्या इंग्रजीतल्या १७७ अनियमित क्रियापदांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत १४५ आणि आज ९८ तशी उरली आहेत, आणि जे क्रियापद कमी वापरात ते लवकर नियमित होतं. नामांना हा हिशेब सरसकट लावता येत नाही. शेळीचं जुनं अनेकवचनही स्वर बदलून होई, ते गेलं आणि 'गोट्स' आलं. पुस्तक 'बोऽक' आणि पुस्तकं 'बेऽच' होती. ती टिकती तर आज ग्रंथालयात 'बीच' ठेवले असते. गायींचं 'काइन' १६११च्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये फेरोच्या स्वप्नात आहे, पण गोठ्यात 'काउज'नं त्याला हटवलं. पाय वाचले आणि गायी गेल्या, याला नेमकं कारण देता येत नाही. भाषेच्या इतिहासात अशी जागा मोकळी ठेवणंच बरं.

'फुट'ला मात्र आणखी एक आधार होता: मोजणी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मोजमापांच्या एका इंग्रजी नियमात तीन सुके, गोल जवाचे दाणे म्हणजे एक इंच, बारा इंच म्हणजे एक फूट आणि तीन फूट म्हणजे एक एल असं कोष्टक आहे. हा एल म्हणजे पुढचा यार्ड. जमीन मोजायचा दांडा साडेसोळा फुटांचा. असे चार दांडे म्हणजे एकराची रुंदी, सहासष्ट फूट, बावीस यार्ड. क्रिकेटची खेळपट्टी तेवढीच असते. सुतार, गवंडी, जमीन मोजणारे यांच्या तोंडी 'दहा-फुट', 'सोळा-फुट' असे जोडशब्द रोजचे होते, आणि त्यांत षष्ठीचं ते जुनं रूप सुरक्षित राहिलं. त्याला सोबतही मिळाली. 'पाउंड', 'यिअर' ही जुन्या इंग्रजीतली नपुंसकलिंगी नामं अनेकवचनातही बदलत नसत. म्हणून पाच पौंडांची नोट 'फाइव्ह-पाउंड नोट' आणि दोन वर्षांचं मूल 'टू-यिअर-ओल्ड' झालं. चौदा रात्रींचा 'फोर्टनाइट' त्याच रीतीचा. या सगळ्यांचं बघून पुढे सगळीच मापं नामाच्या आधी बसली की 'स' सोडू लागली. शंभर रुपयांची नोट 'हंड्रेड-रुपी नोट' होते ती यामुळे. इंग्लंडच्या बऱ्याच बोलींत तर आजही कुणी आपली उंची 'फाइव्ह फुट टू' अशीच सांगतो, आणि ते ऐकताना नऊ फुटांचा तो कायदा फार दूर वाटत नाही.

अठराव्या शतकात हे सगळं शाळेच्या कोष्टकात बसवण्यात आलं. बिशप रॉबर्ट लाउथचं व्याकरण १७६२ सालचं. १७९५ साली लिंडली मरी या अमेरिकेत जन्मलेल्या वकिलानं यॉर्कमध्ये मुलींच्या शाळेसाठी लिहिलेलं व्याकरण तर दोन्ही खंडांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं. अशा पुस्तकांनी रूपं नीट जपली, पण त्यांना 'अपवाद' म्हणून एका रकान्यात कोंबलं. तिथे त्यांचा इतिहास हरवला आणि मुलांच्या वाट्याला नुसतं पाठांतर आलं. मराठी मुलांनीही तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवताना तेच केलं. ज्यांना राजन् चालवता येत होता, त्यांना ऑक्सन हा आपल्याच नात्यातला आहे हे सांगायला हवं होतं.

नेहमीच्या वापरातली जोडी मोडते कशी, याचं अलीकडचं उदाहरण इंग्लंडच्याच खिशात आहे. 'पेनी'ची दोन अनेकवचनं: सुटी नाणी मोजायची तर 'पेनीज' आणि किंमत सांगायची तर 'पेन्स'. १५ फेब्रुवारी १९७१ला दशमान नाणी आली. एकाच्या नाण्यावर 'न्यू पेनी' आणि दोनच्या नाण्यावर 'न्यू पेन्स' असं बरोबर लिहिलेलं होतं. १९८२ साली 'न्यू' काढलं तेव्हाही 'वन पेनी', 'टू पेन्स' हा भेद पाळला. तरी बाजारात 'वन पेन्स' ऐकू येऊ लागलं. इतर बहुतेक नाणी पेन्सची, मग हेही त्यांतलंच, असा लोकांनी हिशेब केला. जुन्या वळणाच्या इंग्रजाला ते आजही खटकतं, आणि त्याचं खटकणं रास्त आहे. नाण्यावर रोज छापून दिसणारा भेद सहज हातातून जाऊ द्यायचा नसतो.

मराठीत 'फूट' आला तो मोजणीच्या साखळीबरोबर. त्याआधी इथे वीत, हात, गज, कोस होते. एडमंड गंटरनं १६२० साली इंग्लंडमध्ये बसवलेली साखळी सहासष्ट फुटांची, म्हणजे तीच एकराची रुंदी. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत तिच्या निम्मी, तेहतीस फुटी साखळी चालली. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. गुंठ्याचे सोळा आणे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबारा आता हेक्टर आणि आरमध्ये निघतो, तरी बांधावरचं भांडण गुंठ्यातच होतं.

मराठीनं हा शब्द फार सहजपणे घेतला. अकारान्त पुल्लिंगी नाम अनेकवचनात बदलत नाही: एक हात, दोन हात, एक कोस, दोन कोस. फूट त्या ओळीत जाऊन बसला, एक फूट, दहा फूट. मराठीला 'फीट' लागलाच नाही. नामाआधी लावायचा असेल तेव्हा 'ई' जोडून 'फुटी' केलं, तेहतीस फुटी साखळी, सहा फुटी गडी. सांगलीत शंभर फुटी रस्ता आहे.

धारावीतून जाणाऱ्या रस्त्याचं इंग्रजी नाव 'नाइंटी फीट रोड'. घाटकोपरला आणि साकीनाक्यालाही त्याच नावाचे रस्ते आहेत. इंग्रजीच्या रीतीनं माप रस्त्याच्या आधी आलं, म्हणून 'नाइंटी-फुट रोड' हवं. 'नव्वद म्हणजे अनेक, म्हणून फीट' हा शाळेतला नियम नाव देणाऱ्यानं प्रामाणिकपणे पाळला, फक्त 'फुट'मध्ये अनेकवचन आधीच दडलेलं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता ते विशेषनाम झालं आहे, पत्रांवर, नकाशांवर आणि बसथांब्यांवर गेलं आहे, आणि पत्ता लिहिताना ते तसंच लिहायला हवं. बाकी सगळीकडे, घराच्या जाहिरातीत असो की नकाशावरच्या टिपेत, रुंदी रस्त्याच्या आधी आली की 'थर्टी-फुट रोड', आणि रस्ता किती रुंद आहे हे नंतर सांगितलं की 'थर्टी फीट वाइड'. मराठीत लिहिताना हा प्रश्नच येत नाही. तीस फुटी रस्ता, रुंदी तीस फूट.